रात्री जेवायला पाहुणे: वेळ, वाढणं आणि रीतभात यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावकडचं, सासर सांगलीत गावभागातलं. दोन्ही घरांत माणसांचा राबता मोठा. त्यामुळं भाचरं, सुना आणि शेजारच्या नव्यानं संसाराला लागलेल्या मुली फोन करून विचारत राहतात, "मावशी, उद्या आठ माणसं आहेत, कधी काय करू?" प्रश्न फिरून फिरून तेच येतात, म्हणून एकदाचे लिहून काढले. सोपे आधी आहेत, गुंत्याचे पुढं. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडं लागली तर तिथं क्रमांक दिलाय.

१. जेवायला बोलवायचं तर नेमकी कितीची वेळ सांगायची?

एक नाही, दोन वेळा सांगा. एक येण्याची आणि एक पानं घेण्याची. "साडेसातपर्यंत या, सव्वाआठला पानं घेऊ." एवढं एक वाक्य बोललात तर या यादीतले निम्मे प्रश्न तुम्हाला पडणार नाहीत.

नुसतं "आठला या" म्हटलं की प्रत्येक जण आपापला अर्थ काढतो. आमच्या मामंजींच्या पिढीला ती जेवायला बसायची वेळ वाटायची. ते पावणेआठला हातपाय धुऊन तयार असायचे आणि सव्वाआठला पान दिसलं नाही की घड्याळाकडं बघायचे. माझ्या मुलाच्या पिढीला ती घरातून निघायची वेळ वाटते. दोघंही बरोबर. चूक सांगणाऱ्याची.

शहरात नोकरदार माणसांना सव्वाआठ ते पावणेनऊला पान बरं पडतं. हरभट रोडला किंवा गणपती पेठेत दुकान असलेल्यांना सव्वानऊच्या आत बोलवूच नका. शटर ओढून, गल्ल्याचा हिशेब करून ते येणार. खेडेगावात उलटं. तिथं साडेसात-आठला जेवणं होतात, पण संध्याकाळचं दूध डेअरीला घातल्याशिवाय कुणी घरातून हलत नाही. आणि शेतीपंपाची लाईट त्या आठवड्यात रात्रीची असेल तर घरातला एक कर्ता माणूस उसाला पाणी पाजायला जाणार, तो येणारच नाही. म्हणून शेतकरी पाहुण्यांना बोलावताना आधी विचारायचं, "या आठवड्यात लाईट कधीची आहे?" हे विचारणारी यजमानीण त्यांना आपली वाटते.

२. किती दिवस आधी सांगायचं? व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं तर चालतं का?

घरगुती जेवणाला तीन-चार दिवस पुरेत. महिनाभर आधी सांगितलं तर लोक विसरतात, आदल्या दिवशी सांगितलं तर त्यांना वाटतं कुणीतरी गळालं म्हणून आपल्याला बोलावलंय.

गटावर टाकलेला निरोप म्हणजे आवतन नव्हे. गटावर टाकलेलं सगळ्यांसाठी असतं, म्हणून ते कुणासाठीच नसतं. फोन करा, आणि घरातल्या थोरल्या माणसाशी बोला. आत्याबाई असतील तर त्यांच्याशी, मग सुनेशी. वार, तारीख आणि दोन्ही वेळा मात्र नंतर लिहून पाठवा, त्याला व्हॉट्सअ‍ॅप चांगलं. त्या दिवशी सकाळी एक आठवणीचा फोन. हा फोन करताना "येताय ना?" असं विचारू नका, "संध्याकाळी वाट बघतोय" म्हणा.

३. "चूलबंद आवतन" म्हणजे नक्की किती माणसं?

त्या घरात त्या वेळी चूल पेटणार नाही, एवढी. म्हणजे म्हातारी आजी, शिकायला ठेवलेला भाचा, त्या दिवशी मुक्कामाला आलेली लेक-जावई, सगळे. आमच्याकडं कोरेगावला हे आवतन द्यायला माणूस घरी जातो, आणि "घरची सगळी" असं म्हणून येतो.

हल्ली घरं लहान झाली, पण शब्द तोच वापरतात आणि तिथं गोंधळ होतो. तुम्हाला फक्त नवरा-बायकोला बोलवायचं असेल तर "तुम्ही दोघं या" म्हणा. "घरचे सगळे या" म्हणालात तर सहा पानं जास्तीची धरा, आणि मग सात आले तर तोंड वाकडं करू नका.

४. पाहुणे तास-दीड तास उशिरा येतात. थांबायचं की बाकीच्यांना वाढायचं?

दोन वेळा सांगितल्या असतील (प्रश्न १) तर पानाच्या वेळेनंतर वीस मिनिटं थांबायचं, मग लहान मुलांना आणि साखरेच्या किंवा बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना वाढून मोकळं व्हायचं. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवणं हा पाहुणचार नव्हे. त्याचं इंजेक्शन झालेलं असेल आणि पान लांबलं तर साखर खाली जाते, घाम फुटतो. अशा माणसाला घरात शिरल्या शिरल्या बाजूला घेऊन विचारा, "पानं सव्वाआठला घेतेय, चालेल ना?"

बाकीचे मोठे आणखी अर्धा तास थांबतात. त्यानंतर आलेल्यांना वेगळी पंगत. टोमणा मारायचा नाही, पण "तुमची वाट बघून बघून जेवलो" एवढं हसत म्हणायला हरकत नाही.

५. आणि आधीच आले तर?

हे मला उशिरापेक्षा अवघड वाटतं. तुम्ही गाऊनवर, कांदा अर्धा चिरलेला, आणि दारात दाजी. अशा वेळी पाणी द्या, पंखा लावा, घरातल्या एका पोराला त्यांच्याजवळ बसवा आणि सरळ सांगा, "पंधरा मिनिटं द्या मला." बायका आधी आल्या तर त्या आपणहून स्वयंपाकघरात येतात. त्यांना काकडी चिरायला द्या. हातात काम असलं की बोलणं चांगलं होतं.

६. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांची वेळ कशी धरायची?

ते "निघालो" म्हणतात तेव्हा ते निघालेले नसतात, हे पहिलं. पुण्याहून सातारा एकशे दहा किलोमीटरच्या आसपास, रस्ता मोकळा असला तर दोन-सव्वादोन तास. पण शुक्रवारी संध्याकाळी किंवा सणाच्या आदल्या दिवशी खंबाटकी घाट चढताना एखादा ट्रक बंद पडला की हिशेब संपला. म्हणून त्यांचा फोन पुण्यातून येऊ दे नाहीतर खेड-शिवापूरहून, तुम्ही तो फक्त ऐका. खंबाटकी उतरून खाली आल्याचा फोन आला की मग तांदूळ धुवायला घ्या. सांगलीला येणार असतील तर हाच नियम कराडपासून.

लांबच्या पाहुण्यांना भाकरी गरम मिळणार की नाही याची काळजी करू नका. आल्यावर त्यांना आधी आंघोळीला गरम पाणी हवं असतं. तेवढ्या वेळात भाकऱ्या होतात.

७. आल्या आल्या खायला काय ठेवायचं?

थोडं. फार थोडं. आमच्या सांगलीची खोड म्हणजे परातभर भडंग समोर ठेवायची. शेंगदाणे, लसूण, कढीपत्ता, हात थांबत नाही, आणि मग पानावर पाहुणा म्हणतो, "वहिनी, अर्धीच भाकरी." दिवसभर राबलेल्या बाईला हे ऐकून काय वाटतं ते तिलाच विचारा.

पानाला पाऊण तासाहून कमी वेळ असेल तर नुसतं सरबत किंवा ताक. उन्हाळ्यात कोकम, नाहीतर आवळ्याचं. पाऊण तासाहून जास्त असेल तर चहा आणि वाटीभर भडंग, परात नाही. पोहे, भजी हे संध्याकाळी चहाला बोलावलेल्यांसाठी.

८. कोण काय खातं, हे न दुखवता कसं विचारायचं?

सरळ विचारायचं. "वार कुठला धरता?" हा आपल्याकडचा जुना, सभ्य प्रश्न आहे. सोमवार, गुरुवार, शनिवार, मंगळवार असं प्रत्येकाचं वेगळं असतं. श्रावणात बहुतेक घरांत मांसाहार बंद, काहींचा चातुर्मासभर कांदा-लसूणही बंद, मार्गशीर्षातले गुरुवार बायका पाळतात. साताऱ्याकडं वारकरी घरं पुष्कळ. माऊलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण अशी आमच्याच जिल्ह्यातून जाते. तेव्हा "माळ आहे का घरात कुणाला?" हेही विचारून घ्या. माळकरी माणूस मटणाच्या पंगतीला बसणार नाही. काही जण ज्या भांड्यात मटण शिजतं त्या भांड्यातलं वरणही घेणार नाहीत.

एकाच दिवशी दोन्ही प्रकारचे पाहुणे असतील तर शाकाहारी स्वयंपाक आधी उरकून झाकून ठेवा, पळ्या वेगळ्या ठेवा, आणि शाकाहारी पान आधी वाढा. त्यांना कोपऱ्यात बसवू नका. उलट घरातली दोन माणसं त्यांच्या पंगतीला बसू देत.

मिरजेकडचे किंवा कुठलेही मुसलमान स्नेही येणार असतील तर मटण कुठल्या दुकानातून आणू, हे त्यांनाच विचारा. ते संकोचतात, तुम्ही संकोचू नका. रमजानात बोलवायचं तर सूर्यास्ताला खजूर, पाणी, फळं समोर हवीत. त्यानंतर नमाजासाठी त्यांना स्वच्छ जागा द्या आणि जेवणाची पानं वीस-पंचवीस मिनिटांनी घ्या.

९. जैन मैत्रिणीला सहकुटुंब बोलावलंय. रात्रीचं जेवण चालेल का?

आधी विचारा. सांगली जिल्ह्यात जैन समाज मोठा आहे आणि सगळे सारखं पाळत नाहीत. तरुण मंडळी रात्री जेवतातही. पण घरात चौविहार पाळणारं एक जरी माणूस असलं तरी सूर्यास्तानंतर त्याला अन्नच काय, पाणीही चालत नाही.

आता सूर्यास्त म्हणजे कधी? इथं मी स्वतः फसलेय. नव्या घरी राहायला गेल्यावर शेजारच्या काकूंना बोलावलं, नोव्हेंबरचे शेवटचे दिवस होते. "संध्याकाळी लवकर पानं घेऊ" म्हटलं आणि सव्वासहाला घेतली. बाहेर चांगला उजेड होता. काकू पाटावर बसल्या, पानाला हात लावला नाही, आणि इतक्या मायेनं म्हणाल्या, "तुम्ही जेवा, मी बसते तुमच्याजवळ." सांगलीत त्या दिवसांत सूर्य सहाच्या आतच मावळतो. संधिप्रकाशाला मी दिवस समजले होते. जूनच्या शेवटी तोच सूर्य सातनंतर, सात-दहाच्या आसपास मावळतो. म्हणजे दोन ऋतूंत सव्वा तासाचा फरक. त्या दिवसाचा सूर्यास्त कॅलेंडरवर बघा आणि त्याच्या आधी निदान पाऊण तास पानं घ्या, म्हणजे सावकाश जेवून, पाणी पिऊन होतं.

कंदमुळंही विचारा. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा, रताळं, ओलं आलं काहीच नको असेल तर काय करायचं म्हणून घाबरू नका. दोडका, पडवळ, भेंडी, कच्च्या केळाची भाजी, मुगाची आमटी, कढी, वरण. वांग्यालाही काही घरांत नकार असतो, तेव्हा कृष्णाकाठची वांगी कितीही चांगली मिळाली तरी त्या दिवशी राहू दे.

१०. पाहुणे ठरल्यावर कळलं की त्या दिवशी संकष्टी आहे. बेत बदलू का?

दिवस बदलू नका, पानाची वेळ बदला. सांगलीचं दैवतच गणपती, त्यामुळं दहांत चार जणांचा तरी उपास निघतो. चंद्रोदय कधी साडेआठच्या सुमाराला, कधी साडेनऊच्याही पुढं. कॅलेंडरवर छापलेला असतो. चंद्र बघून, नैवेद्य दाखवून मगच उपासकरी जेवणार, म्हणून पान चंद्रोदयानंतर पंधरा मिनिटांनी धरा. ढग असतील तर गच्चीवर ताटकळत उभं राहायची गरज नाही, वेळ झाली की बसायचं. मुलांना आधी वाढा. उपास नसलेल्या मोठ्यांनी सोबत म्हणून थांबावं, एवढं चालतं.

स्वयंपाक अर्थात शाकाहारी, बिनकांद्याचा. दिवसभराच्या रिकाम्या पोटावर तिखट नको. मोदक जमत नसतील तर वरण-भात, तूप, एक रसभाजी आणि शिरा पुष्कळ झाला.

एकादशीला मात्र जेवायला बोलवूच नका. फराळाला बोलवा किंवा दुसरा दिवस धरा.

११. रविवारी मटणाचा बेत आहे, आठ माणसं. सकाळपासून वेळ कशी लावायची?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून सविस्तर सांगते. पानं पावणेनऊला आहेत असं धरून.

मटण सकाळी साडेसात-आठच्या आत आणा. नंतर दुकानात गर्दीही असते आणि हवे ते तुकडे मिळत नाहीत. धुऊन, हळद, मीठ, आलं-लसूण चोळून फ्रीजमध्ये. दुपारी कांदा-खोबरं भाजून वाटण करून ठेवा. हे काम संध्याकाळवर ढकललं की सगळं बिघडतं, कारण खोबरं भाजल्याचा धूर आणि पाहुण्यांच्या चपलांचा आवाज एकदमच घरात येतो.

साडेपाचला मटण शिजायला टाका. पातेल्यात शिजवलं तर वर ताटात पाणी ठेवून सव्वा तास धरा, कुकरला अर्धा तास. शिजलं की चटणी घालायच्या आधी अळणी पाणी काढून ठेवा. मुलांना, म्हाताऱ्यांना आणि पुण्याच्या पाहुण्यांना ते लागतं. आमची चटणी म्हणजे कांदा-लसणाची लाल चटणी. बाहेरच्या माणसाला चटणी म्हटलं की खोबऱ्याची वाटते आणि मग तो चमचाभर घेतो, हे सांगून ठेवा.

सातला रस्सा उकळून तयार हवा. मग तासभर हात लावू नका. मुरलेल्या रश्शाला चव येते, आणि तेवढ्यात तुम्हाला आंघोळ करून साडी बदलता येते. पाहुणे आल्यावर मंद आचेवर ठेवा.

खरी कसरत भाकरीची. एका तव्यावर एका भाकरीला तीन मिनिटं, आठ माणसांना सोळा-अठरा भाकरी, म्हणजे जवळजवळ तास. सगळ्या गरम वाढायच्या म्हटलं तर पहिला माणूस जेवून उठेपर्यंत शेवटच्याला पहिली मिळेल. म्हणून दहा भाकरी आठच्या सुमाराला थापून, फडक्यात गुंडाळून बुट्टीत ठेवा. बाकीच्या पानं घेताना दोन तव्यांवर. पहिली भाकरी सगळ्यांना गरम, मधली बुट्टीतली, शेवटची पुन्हा गरम. कुणाला कळत नाही.

भात शेवटी, पण कुकर पानं घ्यायच्या वीस मिनिटं आधी लावा.

१२. किती करायचं? उरतं तरी किंवा कमी तरी पडतं.

रस्सा-भाकरीच्या जेवणाला हाडासकट एक किलो मटण पाच जणांना. आठ माणसांना पावणेदोन किलो घ्या. एक किलो ज्वारीच्या पिठात दहा-बारा भाकरी होतात. तांदूळ भाकरीनंतर खायचा असेल तर किलोत बारा माणसं जेवतात, भात आधी वाढत असाल तर आठच. पुरणपोळीचं सांगायचं तर किलोभर डाळीत तीसएक पोळ्या, पण पुरणपोळी रात्री करू नका. दुपारी गुळवणी आणि दूध-तूप घेऊन माणूस जेवतो आणि मग आडवा होतो. ते दुपारचंच जेवण आहे.

दोन माणसांचं जास्तीचं नेहमी धरा. का, ते प्रश्न १३ मध्ये.

१३. चार जण सांगितले होते, सहा आले. पाठोपाठ शेजारचे अण्णाही ऐन जेवणाच्या वेळी टेकले. आता?

रश्शात गरम पाणी वाढवायचं, तेवढी चटणी-मीठ वाढवायचं, आणि घरच्यांना डोळ्यांनी खूण करायची की फोडी जपून. भाकरीचं पीठ मळलेलं असतंच. आणि अख्खा मसूर कायम घरात ठेवा. इस्लामपूर-कराडकडं तो ढाब्यावरही आवडीनं खातात, भिजवायला लागत नाही, कुकरला अर्ध्या तासात ताटात येतो. पाहुण्याला वाटतं मुद्दाम केला.

अण्णांना "जेवायला बसा" म्हणायचंच. ते "नाही, आत्ताच जेवून आलो" म्हणणार. दुसऱ्यांदा म्हणायचं. दुसऱ्यांदाही नको म्हणाले तर एक वाटी गोड हातात द्यायची. जेवणाच्या वेळी आलेला माणूस कोरडा जाऊ नये, पण त्याला ओढून पाटावर बसवायचं कारणही नाही.

जास्तीची माणसं आणणाऱ्या पाहुण्यांना त्या दिवशी काही बोलू नका. पुढच्या वेळी फोनवर "तुम्ही किती जण?" एवढं विचारा.

१४. भात आधी की भाकरी आधी? सासर-माहेरात यावरून वाद होतोय.

दोन्ही बरोबर. ब्राह्मण घरांत साधं वरण-भात-तूप-लिंबू आधी, मग पोळी, शेवटी ताक-भात. मराठा आणि इतर बऱ्याच घरांत आधी भाकरी किंवा चपाती, भात शेवटी. पाहुण्यांच्या रीतीनं वाढा, नाहीतर दोन्ही पानात ठेवून त्यांना ठरवू द्या. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडं, भाजी-आमटी उजवीकडं, यात मात्र कुठल्याच घराचं दुमत बघितलं नाही.

१५. आग्रह किती करायचा?

पहिलं "नको" रीत म्हणून असतं, दुसरं खरं असतं. त्यामुळं एकदा विचारा, थांबून पुन्हा एकदा. पाहुण्यानं पानावर हात आडवा धरला की संपलं. हाताच्या फटीतून भाकरी सरकवणारी एक मामी प्रत्येक घरात असते. तिला वाढायला देऊ नका, पाणी द्यायला ठेवा.

साखरवाल्याला गोडाचा आग्रह अजिबात नको. "आज एक दिवस काही होत नाही" हे वाक्य तर आपल्या भागातून हद्दपार व्हायला हवं. त्याच्या पानात आधीच वाटीऐवजी चमचाभर गोड वाढा म्हणजे त्याला नाही म्हणावंच लागत नाही.

एक रीत विसरत चाललीय. पंगतीत सगळ्यांचं होईपर्यंत कुणी उठत नाही, म्हणून यजमानानं सगळ्यांत सावकाश जेवायचं. एखादी आजी हळू जेवत असेल तर तिच्या शेवटच्या घासापर्यंत यजमानाच्या पानात काहीतरी असायला हवं.

१६. घरच्या बाईनं सगळ्यांचं झाल्यावरच जेवायचं का?

माझी सासू जेवली, मी वीस वर्षं जेवले, गार भाकरी आणि तळाला राहिलेला रस्सा. आता नाही. शेवटच्या भाकऱ्या थापून झाल्या की मीही पान घेऊन बसते, वाढायला मुलगा उठतो. पहिल्यांदा पाहुणे जरा अवघडले. आता पाहुण्या बायकाच म्हणतात की असं केलंत तर आम्हालाही बरं वाटतं.

१७. काही पाहुणे जेवणाआधी "बसणार" म्हणतात. पान किती वाजता घ्यायचं?

तुमच्या घरात चालत नसेल तर आवतन देतानाच सांगा, दारात नको. चालत असेल तर गच्ची द्या, पण बायका-मुलांची पानं ठरल्या वेळेला होऊ देत. त्यांच्यासाठी साडेदहाला तवा पेटवू नका. चपात्या करून झाकून ठेवा, भाकरीपेक्षा त्या बऱ्या राहतात. आणि गाडी चालवून जाणार असेल त्याला मुक्कामाला ठेवून घ्या.

१८. पाहुण्यांनी आणलेली मिठाई त्याच वेळी वाढायची का?

हो, थोडी तरी. साताऱ्याहून येणारा कंदी पेढे आणणार, हे ठरलेलं. पेटी कपाटात गेली तर आणणाऱ्याला चुकल्यासारखं वाटतं. देवापुढं ठेवा आणि पानात एकेक वाढा. तुमचं स्वतःचं गोड असलं तरी पेढा मावतो.

१९. जेवणं होऊन तास झाला, पाहुणे उठत नाहीत. काय करू?

बडीशेप किंवा पान आणून ठेवणं ही पहिली खूण, बायकांना हळद-कुंकू लावणं ही दुसरी. जेवणानंतर अर्धा-पाऊण तास बसणं रीतीचं. त्यापुढं गप्पा रंगल्या असतील तर रंगू द्या, नसतील तर विचारा, "तुमच्याकडं सकाळी पाणी कितीला येतं?" पाणी लवकर येणारा माणूस लगेच उठतो.

खेड्यातले पाहुणे मात्र उशीर करत नसतात, एसटीला बांधलेले असतात. गावात मुक्कामी जाणारी गाडी शेवटची. ती आठची असेल तर पान पावणेसातला घ्या, नाहीतर अंथरूण घालून ठेवा. "बघू, जाल तसं" असं म्हणून त्यांना अर्धवट जेवणावरून उठवणं सगळ्यांत वाईट.

निरोप घेताना पाहुणा "येतो" म्हणतो, यजमानानं "या" म्हणायचं, आणि फाटकापर्यंत जायचं.

२०. पावसाळ्यात सांगलीत बेत ठरवताना काही वेगळं?

जुलै-ऑगस्टमध्ये नदीपलीकडचे पाहुणे असतील तर सकाळी आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची पातळी बघूनच आठवणीचा फोन करा. तिथं ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोक्याची. आकडा वाढत असेल तर बेत पुढं ढकला. त्याच्या बऱ्याच आधी ओढ्यावरचे लहान पूल पाण्याखाली जातात आणि आलेला पाहुणा परत जाऊ शकत नाही. २०१९ चा पूर बघितलेल्या कुणालाही याचा राग येत नाही.

२१. सुतक असेल तर?

सुतकातल्या घरचे दुसरीकडं जेवायला येत नाहीत, त्यांना आवतन देऊ नका. डबा नेऊन द्या. तुमच्याकडंच सुतक आलं तर पाहुण्यांना कारण सांगून लगेच कळवा, सबब शोधू नका.

२२. पाहुण्यांना डबा भरून द्यायचा का? आणि डबा परत येतो तेव्हा?

उरलेलं म्हणून देऊ नका, घरी राहिलेल्या माणसाचं म्हणून द्या. "मामंजी आले नाहीत, त्यांच्यासाठी" असं म्हटलं की तो डबा मानाचा होतो. द्यायचा तो भाग पानं वाढायच्या आधीच वेगळा काढून ठेवा. डबा परत करताना रिकामा करत नाहीत. काही नसलं तर मूठभर शेंगा किंवा साखर. माझे चार डबे सध्या बाहेर आहेत, तेही अशा घरात जिथं हे वाक्य वाचलं जाणार आहे.

२३. सगळा स्वयंपाक झाला आणि पाहुणे आलेच नाहीत तर?

पानाच्या वेळेनंतर अर्ध्या तासानं फोन करा, आवाज चढू न देता. अपघात, दवाखाना, काहीही असू शकतं. येणार नसतील तर शेजाऱ्यांना हाक मारा. रस्सा दुसऱ्या दिवशी चांगलाच लागतो, भात सोडून बाकी काही वाया जात नाही.

माझ्याकडं हे एकदाच झालं. जाऊबाईंच्या माहेरची नऊ माणसं होती, कोरेगावहून आणलेल्या वाघ्या घेवड्याची आमटी, भरली वांगी, सगळं तयार. नऊला फोन केला तर पलीकडून टीव्हीचा आवाज. मी आवतन देताना "रविवारी" म्हणाले होते. कुठल्या रविवारी ते सांगितलंच नव्हतं. आम्ही पाच माणसांनी तीन दिवस घेवडा खाल्ला. पुढच्या रविवारी बरोबर साडेसातला नऊच्या नऊ जण पेढे घेऊन दारात उभे. मी अख्खा मसूर कुकरला लावला.